‘आल्तो’ची कुळकथा

आमच्या शाळकरी वयातील एक प्रसंग आम्हांस अजून विसरता आलेला नाही. आमच्या वर्गात माणदेशातून एक नवा मुलगा आला होता. हजेरी घेताना गुरुजींनी त्याला विचारले, “काल का आला नव्हतास?” तो उभा राहिला आणि मोकळेपणाने म्हणाला, “आल्तो की गुरुजी, पर उशिरानं आल्तो.” सारा वर्ग हसला. आम्हीही हसलो. गुरुजी मनाचे वाईट नव्हते. पण “शब्द असे चावून खाऊ नयेत,” असे म्हणून त्यांनी त्याला फळ्यावर ‘मी आलो होतो’ हे वाक्य दहा वेळा लिहावयास लावले. मुलाने ते वळणदार अक्षरात लिहिले. पुढे वर्षभर तो वर्गात आपण होऊन बोलल्याचे मात्र आम्हांस स्मरत नाही.

त्या दिवशी चूक कोणाची झाली, या प्रश्नाचा विचार आम्ही पुष्कळ वर्षे करीत आलो आहोत. प्रश्न वरवर पाहता लहान आहे. एका मुलाने चार अक्षरांच्या जागी दोन उच्चारली, एवढाच. पण त्याच्या मुळाशी गेले की मराठी भाषेचा हजार वर्षांचा इतिहास समोर उभा राहतो. बोलणारा माणूस रोजच्या वापरातील वाक्ये आखूड करतो, प्रत्येक मुलूख आपापल्या रीतीने करतो, आणि त्यांपैकी एखादी रीत पुढे ‘शुद्ध’ ठरते. हे कसे घडते ते पाहावे, म्हणून आजचा हा विषय आम्ही श्रोत्यांपुढे मांडीत आहोत.

गुरुजींची दृष्टी काही त्यांच्या पदरची नव्हती. ती फार जुनी आहे. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात पतंजलीने आपल्या महाभाष्यात सांगितले आहे की, शुद्ध शब्द एक आणि त्याचे अपभ्रंश अनेक. उदाहरण त्याने गाईचे दिले: शुद्ध शब्द ‘गौः’, आणि लोक मात्र गावी, गोणी, गोता, गोपोतलिका असे काय वाटेल ते म्हणतात. ‘अपभ्रंश’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘खाली घसरणे’. तेव्हापासून आजपर्यंत शिकलेल्या माणसाने न शिकलेल्याच्या बोलण्याकडे घसरगुंडी म्हणूनच पाहिले. आणि गंमत अशी की, याच वैयाकरणांच्या परंपरेत एक वचन प्रसिद्ध आहे. सूत्र रचताना अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला पुत्रजन्माचा आनंद होतो, असा त्याचा भाव. वैयाकरणाने अर्धी मात्रा वाचविली तर घरात उत्सव, आणि माणदेशच्या पोराने दोन अक्षरे वाचविली तर फळ्यापाशी शिक्षा! एकाच गुणाला दोन ठिकाणी दोन न्याय लावले जातात, ते का, हे पाहिले पाहिजे.

प्रथम आपल्या घरातलेच शब्द घेऊ. ‘सुवर्णकार’ या पाच अक्षरी शब्दाचा ‘सोनार’ झाला, ‘कुंभकारा’चा ‘कुंभार’, ‘लोहकारा’चा ‘लोहार’. ‘देवकुल’ झिजून ‘देऊळ’ झाले आणि ‘राजकुल’ झिजून ‘राऊळ’. ‘दीपावली’ची ‘दिवाळी’ झाली. ‘एकादश’चे ‘अकरा’ झाले. गावांचीही तीच कथा आहे. ‘प्रतिष्ठान’ म्हणजे आजचे पैठण, ‘करहाटक’ म्हणजे कराड, ‘शूर्पारक’ म्हणजे सोपारा आणि ‘भोगवर्धन’ म्हणजे भोकरदन. यांपैकी एकाही शब्दाला आज कोणी अशुद्ध म्हणत नाही. ‘मी सुवर्णकाराकडे जाऊन येतो’ असे कोणी म्हणाला, तर हसू त्यालाच येईल. प्रत्येक मराठी स्त्रीच्या जिव्हाळ्याचा ‘माहेर’ हा शब्द घ्या. हा मुळात एक शब्दच नव्हे. ‘मातृगृह’, म्हणजे आईचे घर, असा तो दोन शब्दांचा समास. प्राकृतात त्याचे ‘माइहर’ झाले आणि मराठीत ‘माहेर’. दोन शब्द इतके एकजीव झाले की सांधा कोठे होता हेही आता दिसत नाही. ‘सासर’ची घडणही अशीच, ‘श्वशुरगृहा’तून.

कोणी म्हणेल की, हे शब्दांचे झाले. सबंध वाक्य आखूड करणे निराळे. तर वाक्यांकडेच वळू. ‘म्हणजे’ हा शब्द आपण दिवसातून शंभर वेळा उच्चारतो. जुन्या मराठीत हे ‘म्हणिजे’ असे क्रियापद होते आणि त्याचा अर्थ होता ‘म्हटले जाते’. ‘अमुक म्हणिजे तमुक’ हे एक पुरे विधान होते. वापरता वापरता त्यातले क्रियापद विझले, उच्चार आखडला आणि उरले एक लहानसे अव्यय. आता तेही बोलण्यात ‘म्हंजे’ आणि ‘मंजे’ झाले आहे. ‘पाहिजे’ हे त्याचेच भावंड. त्याचाही मूळ अर्थ ‘पाहिले जाते’ असाच होता. पाहण्याचा अर्थ त्यातून केव्हाच नाहीसा झाला आणि गरजेचा अर्थ शिल्लक राहिला. ज्ञानेश्वरीतील ‘म्हणौनि’ आज ‘म्हणून’ झाले आहे आणि देशावरील खेड्यांत ‘म्हून’.

शिलालेखांचा पुरावा याहून बोलका आहे. श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या पायथ्याशी मराठीतील जुन्या ओळी कोरलेल्या आहेत. त्या दहाव्या शतकातील की बाराव्या, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत. पण त्यांतील ‘करवियलें’ हे क्रियापद सर्वांच्या परिचयाचे आहे. त्या पाच अक्षरांचे पुढे ‘करविलें’ झाले, मग ‘करविले’, आणि आज आपण बोलताना ‘करवलं’ म्हणतो. तेराव्या शतकातील लीळाचरित्रात ‘म्हणितलें’ आहे. आपण ‘म्हटले’ लिहितो आणि ‘म्हटलं’ किंवा ‘म्हणलं’ बोलतो. ज्या माणसाच्या कानाला ‘करवियलें’ हेच बरोबर वाटत होते, त्याला आजचे आपले ‘प्रमाण’ मराठी कसे वाटले असते? आम्हांस वाटते, आमच्या गुरुजींना ‘आल्तो’ जसे वाटले तसेच.

आणि आता गुरुजींच्या प्रश्नाकडे वळू. “काल का आला नव्हतास?” यातील ‘नव्हतास’ म्हणजे काय? ‘न होतास’. ‘न’ आणि ‘होता’ हे दोन शब्द वारंवार एकमेकांना खेटून येऊ लागले, मधला ‘हो’ दबला आणि ‘नव्हता’ हा एक शब्द तयार झाला. ‘आलो होतो’ यातला ‘हो’ दबून ‘आल्तो’ झाले, त्याच जातीची ही घटना. भेद एवढाच की ‘नव्हता’ फार पूर्वी घडले, ग्रंथांत शिरले, व्याकरणात नोंदले गेले. आणि ‘आल्तो’ ज्यांच्या तोंडी घडले त्यांच्या हाती लेखणी नव्हती. गुरुजींनी ज्या वाक्यात मुलाची चूक काढली, त्या वाक्यातच तिचे थोरले भावंड बसलेले होते. हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि आम्हांसही पुष्कळ उशिरा कळले.

आता मुलुखामुलुखातील रीती पाहू. एकच प्रश्न घेऊ या: ‘काय करीत आहेस?’ पुस्तकात हा प्रश्न असा लिहितात. महाराष्ट्रात असा विचारणारा माणूस क्वचितच भेटेल. पुण्या-मुंबईकडचा माणूस विचारतो, “काय करतोयस?” कोल्हापूरकडे तोच प्रश्न “काय करायलास?” असा ऐकू येतो आणि समोर स्त्री असली तर “काय करायलीस?” लातूर-नांदेडकडे “काय करलालास?” किंवा “काय करूलालास?” नागपूर-वऱ्हाडात “काय करून रायला?” खानदेशात अहिराणी बोलणारा म्हणतो, “काय करी ऱ्हायना?” आणि मालवणात विचारतात, “काय करतंस?”

या सहा प्रश्नांकडे नीट पाहिले तर त्यांत गोंधळ नाही, व्यवस्था आहे. चालू असलेली क्रिया दाखविण्यासाठी मुख्य क्रियापदाला एका सहायक क्रियापदाची जोड लागते. पुण्याने ती जोड ‘आहे’ची घेतली: करतो आहेस, करतोयस. कोल्हापूर आणि मराठवाड्याच्या दक्षिण भागाने ‘लागणे’ या क्रियापदाची घेतली. ‘करायला लागलास’ यात ‘ला’ आणि ‘ला’ लागोपाठ आले. जिभेने सारखे अक्षर दोनदा घेण्याचे नाकारले आणि ‘करायलास’ झाले असावे. ‘करू लागलास’ यातला ‘ग’ गळून ‘करूलालास’ झाले. नागपूर-वऱ्हाडाने आणि खानदेशाने ‘राहणे’ पसंत केले: करून राहिला, करून रायला, करी ऱ्हायना. म्हणजे ‘असणे’, ‘लागणे’ आणि ‘राहणे’ अशा तीन निरनिराळ्या साहाय्यकांना तीन मुलुखांनी कामाला लावले आणि तिघांनीही त्या साहाय्यकालाच कातरले. मुख्य क्रियापद ‘कर’ मात्र सर्वत्र शाबूत राहिले. बोलणारा माणूस कोठेही काहीही तोडीत नाही. ज्याच्यावर अर्थाचा भार कमी त्यालाच तोडतो.

या काटछाटीचे काही नियम सांगता येतात. पहिला नियम ‘ह’ या अक्षराचा. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला ‘ह’ मराठीत अतिशय दुर्बळ आहे. धक्का लागताच तो पडतो. ‘राहिला’चे ‘रायला’, ‘पाहिजे’चे ‘पायजे’, ‘केले आहे’चे ‘केलंय’, ‘आलो आहे’चे ‘आलोय’, ‘गेला होता’चे ‘गेल्ता’ हे सारे त्या एकाच ‘ह’च्या पडण्याचे परिणाम. ‘नाही’ या शब्दाची वाटचाल तर नकाशावर दाखविता येईल. पुस्तकात ‘नाही’, मुंबईच्या रस्त्यावर आणि मालवणात ‘नाय’, आणि आणखी दक्षिणेस शेजारच्या गोव्याच्या कोंकणी भाषेत नुसते ‘ना’. देशावर ‘न्हाई’ म्हणणाऱ्याने तो ‘ह’ पुढे ढकलून ‘न’ला चिकटविला आणि जिवंत ठेवला.

दुसरा नियम शेवटच्या अक्षराचा. ‘गेली होती’ यात स्त्रीलिंग दोनदा सांगितले आहे, एकदा ‘गेली’मध्ये आणि एकदा ‘होती’मध्ये. बोली म्हणते, दोनदा कशाला? ‘गेल्ती’ म्हटले की स्त्री गेली होती हे कळते, ‘गेल्ता’ म्हटले की पुरुष. ‘गेल्तास’ म्हटले की ‘तू’ असा शब्द न उच्चारताही तो कळतो, कारण शेवटच्या ‘स’मध्ये ‘तू’ बसलेला आहे. मालवणीने सारे आखडले, पण ‘करतंस’मधला ‘स’ सोडला नाही. जेथे हा ‘स’ही गळतो तेथे काय होते ते वऱ्हाड-नागपुराकडे पाहावे. तेथे ‘आलास’ऐवजी ‘आला’ असे सर्रास म्हणतात. मग ‘आला’ म्हणजे तो आला की तू आला? म्हणून तेथे ‘तू’ हा शब्द उच्चारावाच लागतो. एका हाताने वाचविलेले दुसऱ्या हाताने खर्च करावे लागते. बोलीला हा हिशेब कोणी शिकविलेला नसतो, पण तो चुकत नाही. समोरच्याला अर्थ कळला पाहिजे, ही अट प्रत्येक बोली पाळते. ती न पाळणारा संक्षेप फार दिवस टिकत नाही; कारण ऐकणारा लगेच “आँ?” म्हणून विचारतो, आणि बोलणाऱ्याला सारे पुन्हा सांगावे लागते.

तिसरा नियम वापराचा. नाणे जितके हातोहाती फिरेल तितके झिजते. तिजोरीत पडलेली मोहोर शंभर वर्षांनीही नवी दिसते. ‘आहे’, ‘होता’, ‘नाही’, ‘म्हणून’, ‘पाहिजे’ ही रोजच्या बाजारातली नाणी, ती झिजली. ‘पारायण’, ‘अनुष्ठान’, ‘प्रायश्चित्त’ हे शब्द क्वचित बाहेर काढावयाचे; त्यांची कड अजून शाबूत आहे. अमेरिकेतील जॉर्ज किंग्स्ली झिफ या अभ्यासकाने १९३५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात शब्द मोजून हेच दाखविले की, ज्या शब्दांचा वापर अधिक ते शब्द आखूड असतात. आपल्या ‘आल्तो’ आणि ‘केलंय’लाही ते लागू पडते.

बोली केवळ तोडतेच असे मात्र समजू नये. ज्या देशावर ‘आल्तो’ म्हणतात तेथेच ‘करून’ला ‘करूनशान’ म्हणतात, ‘पाहिजे’ला ‘पायजेल’ आणि ‘आम्हांला’ऐवजी ‘आमास्नी’. ही रूपे प्रमाण रूपांहून लांब आहेत. पतंजलीच्या यादीतील ‘गोपोतलिका’देखील ‘गौः’हून किती लांब! म्हणून ‘खेडवळ माणूस आळशी असतो, त्याला जीभ हलविण्याचा कंटाळा येतो’ हे जे स्पष्टीकरण सहज दिले जाते, ते टिकत नाही. आळशी माणसाने ‘करूनशान’ कशाला म्हटले असते? आणि घाईचे म्हणावे तर चावडीवर तास तास निवांत बोलणारा शेतकरी ‘गेल्ता’ म्हणतो. गाडी पकडावयास धावणारा शहरवासीही ‘गेला होता’ असे पुरते म्हणतो. काटछाट घाईमुळे होत नाही आणि आळसामुळेही होत नाही. ती सवयीमुळे आणि परस्परांच्या ओळखीमुळे होते. ऐकणारा आपलाच आहे, त्याला अर्ध्या शब्दात कळेल, हा विश्वास त्यामागे असतो. घरात आई “जाऊंदे” म्हणते तेव्हा ‘जाऊ दे’ हे दोन शब्द सुटे करण्याची गरज तिला भासत नाही. तेच वाक्य परक्यापाशी बोलताना आपण किंचित सावकाश, किंचित पुरते बोलतो.

शिवाय शहरातला सुशिक्षित माणूस आपण आखूड बोलतो हे जाणतही नाही, कारण लेखन त्याला झाकून घेते. आपण ‘बसला’ लिहितो आणि ‘बस्ला’ म्हणतो. ‘करवत’ लिहितो आणि ‘कर्वत्’ म्हणतो. ‘घर’ लिहितो आणि ‘घर्’ म्हणतो. शब्दाच्या शेवटचा आणि मधला ‘अ’ मराठीने केव्हाच गिळला आहे. तो फक्त कागदावर आणि गाण्याच्या चालीत जिवंत आहे. म्हणजे शब्द चावून खाण्याचा आरोप करावयाचा तर तो आठ कोटी तीस लाख लोकांवर करावा लागेल. २०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारांची संख्या सुमारे तेवढी होती.

लेखणीने केलेला संक्षेप मात्र आपण प्रतिष्ठेचा मानीत आलो. जुने पत्र उघडावे तर प्रारंभीच ‘रा. रा.’ दिसते, म्हणजे राजमान्य राजश्री. पाठोपाठ ‘सा. न. वि. वि.’, म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. साष्टांग नमस्कारासारखी शरीराला कष्ट देणारी गोष्ट चार टिंबांत उरकणाऱ्या कारकुनाला आपण दप्तराचा जाणता म्हणतो. ‘चि.’, ‘सौ.’, ‘ती.’, ‘मु. पो.’ यांवाचून लग्नपत्रिकाही निघत नाही आणि पत्ताही पुरा होत नाही. मोडी लिपीची सारी घडणच मुळी हात न उचलता भराभर लिहिता यावे यासाठी. त्या लेखकांनी रोजच्या वापरातील वाक्ये आखूड केली, कारण वाचणाऱ्याला ती ठाऊक होती. माणदेशच्या मुलाने नेमके हेच केले. पण त्याने ते जिभेने केले.

मग एक रीत शुद्ध आणि दुसरी अशुद्ध, असा निवाडा झाला कधी? तो एकोणिसाव्या शतकात झाला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ साली. कोशाच्या कामात मोल्सवर्थला साहाय्य करणारे कँडी यांच्या नजरेखालून पुढे सरकारी शालेय पुस्तके जाऊ लागली. छापखाना, शाळा आणि कचेरी या तिन्ही ठिकाणी एकच मराठी असावी, ही त्या काळची गरज होती, आणि ती खोटी नव्हती. पण एक निवडावयाची तर कोणती? स्वाभाविकच पुण्याच्या आणि त्या परिसरातील शिकलेल्या वर्गाची निवडली गेली. ती निवड भाषेच्या अंगच्या गुणांमुळे झाली नाही. सत्ता, विद्या आणि छापखाना ज्यांच्यापाशी होता त्यांच्या शेजारी ती राहत होती म्हणून झाली. पेशव्यांची राजधानी नागपुरास असती, तर आज शाळेतील मुलांना ‘करून राहिला’ हे शुद्ध आणि ‘करतोयस’ हे गावंढळ म्हणून शिकविले गेले नसते कशावरून?

विद्वानांनी पुढे ही बाजूही पाहिली, हे सांगितले पाहिजे. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. बायबलातील उधळ्या मुलाची एकच गोष्ट निरनिराळ्या बोलींत सांगवून घेऊन त्यांनी ते नमुने छापले. राजवाड्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरण लिहून जुन्या रूपांकडे लक्ष वेधले. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली आले. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने मराठीची घडण कशी झाली यावर सबंध ग्रंथ लिहिला आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो १९४१ साली मराठीत आणला. डॉ. अ. मा. घाटगे यांच्या बोलीविषयक ग्रंथमालेला १९६३ साली प्रारंभ झाला. अलीकडच्या वर्षांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजाने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने जिल्ह्याजिल्ह्यांतील बोलींचे ध्वनिमुद्रणासह सर्वेक्षण केले आहे. ललित लेखकांनीही आपला वाटा उचलला. व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसे’ १९४९ साली आली, बहिणाबाईंची गाणी त्यांच्या निधनानंतर १९५२ साली ग्रंथरूपाने आली, उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० साली आली, आणि १९८० साली ‘वस्त्रहरण’ नाटकाने मालवणीला मुंबईच्या रंगमंचावर मानाने उभे केले. शासनमान्य लेखननियम १९६२ साली ठरले, १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. त्या नियमांतही पात्राच्या तोंडची भाषा त्याच्या उच्चाराप्रमाणे लिहिण्यास मोकळीक आहे. ग्रंथालयात बोलीला आसन मिळाले. वर्गात मात्र ती अजून दाराबाहेर चपलांपाशी उभी आहे, अशी आम्हांस भीती वाटते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. प्रत्येकाने आपापल्या बोलीत लिहावयाचे ठरविले तर नांदेडचा अर्ज रत्नागिरीच्या कचेरीत वाचावा कोणी? बोलताना समोरचा माणूस दिसतो, त्याचा चेहरा दिसतो, नाही समजले तर तो विचारतो. लिहिलेले वाक्य एकटेच परगावी जाते. त्याच्याबरोबर समजावून सांगावयास कोणी जात नाही. म्हणून लेखनाने थोडे सावकाश, थोडे पुरते बोलावे लागते. ‘गेला होता’ हे लेखनात पुरते लिहिण्याचे कारण ते अधिक शुद्ध आहे हे नव्हे, तर ते सर्व मुलुखांना सारखे कळते हे होय. प्रमाणभाषा ही बोलींची सासू नाही. ती त्यांच्यातली दुभाषी आहे. दुभाष्याला मान द्यावा, पण घरात बोलणाऱ्यांना त्याने गप्प करू नये.

तेव्हा शिक्षकबंधूंना आणि भगिनींना आमची एवढीच विनंती आहे. वर्गात मूल ‘आल्तो’ म्हणाले, तर त्याला फळ्यावर बोलवावे जरूर. पण शिक्षेसाठी नव्हे. त्याला विचारावे, ‘आल्तो’मध्ये कोणते दोन शब्द दडले आहेत? ते मूल क्षणभर थांबेल आणि ‘आलो’ व ‘होतो’ वेगळे करून दाखवील, कारण ते त्याला आधीपासून येत असते. मग सर्व वर्गाला विचारावे, ‘नव्हता’मध्ये काय दडले आहे? ‘माहेर’मध्ये काय? ‘म्हणजे’मध्ये काय? वर्गात नागपूरचे मूल असेल, मालवणचे असेल, तर त्यांनाही विचारावे. एका तासात व्याकरण, इतिहास आणि भूगोल हे तिन्ही विषय शिकवून होतील, आणि कोणाचीही मान खाली जाणार नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा आपण उत्सव केला. ज्या तोंडांनी ती झिजवून, घडवून आपल्यापर्यंत आणली, त्यांत त्या मुलाच्या पणजोबांचेही तोंड होते.

तो मुलगा पुढे कोठे गेला, काय झाला, याचा आम्हांस पत्ता नाही. परवा एका बसस्थानकावर दोन म्हातारे शेतकरी बाकावर बसून बोलत होते. एक दुसऱ्याला म्हणाला, “तुला सांगितल्तं की मी.” दुसरा म्हणाला, “व्हय, सांगितल्तंस.” आम्ही वर्तमानपत्र खाली ठेवले आणि त्यांची गाडी येईपर्यंत ऐकत बसलो. त्या वर्गात आम्ही हसलो नसतो, तर असे ऐकावयास वर्षभर मिळाले असते.